इथंच प्यायचं

"बाई, घरला नेऊ का?"

"नाही. इथंच प्यायचं."

"लांब न्हाई. वड्याच्या पल्याड कोपी हाय."

"लांब असो की जवळ. इथं उभं राहून प्यायचं, पेला परत द्यायचा आणि पुढं व्हायचं. मागं किती जण खोळंबलेत बघ."

पोरीनं मागं बघितलं नाही. तिनं पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग दूध प्यायली. आठ-नऊ वर्षांची असेल. गळ्यात सुतळीनं अडकवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : हौसा बाबू लोखंडे, क्रमांक त्रेसष्ट. मी कार्डाला त्या दिवसाचं भोक पाडलं आणि चौसष्ट क्रमांकाला हाक मारली.

त्र्याहत्तर सालचा फाल्गुन होता. माणदेशात पावसानं सलग दोन-तीन वर्षं पाठ फिरवली होती. कुरणवाडीच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथं खडी फोडायला, माती वाहायला आली होती. ओढ्याकाठी तुराट्या आणि गोणपाटाच्या कोप्या घालून ती राहत. त्यांच्या मुलांसाठी आमच्या सोसायटीनं शाळेच्या पडवीत दूध केंद्र उघडलं होतं. दंडाला पांढरी पट्टी आणि तिच्यावर तांबडी फुली, ही आमची ओळख. मी तेव्हा बावीस वर्षांची, पुण्याहून आलेली, प्रथमोपचाराच्या परीक्षेत पहिली आलेली आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेली मुलगी होते. नाव सरोज कारखानीस, पण लोक मला धाकल्या बाई म्हणत. थोरल्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख, पेरीनबाई.

पेरीनबाई साठी ओलांडलेल्या पारशीण. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. मराठीतल्या नपुंसकलिंगाशी त्यांचं हाडवैर होतं. महायुद्धात जखमी शिपायांची पत्रं लिहून देण्यापासून त्यांनी सोसायटीचं काम सुरू केलं, मग फाळणीच्या छावण्या, पानशेतचा पूर, कोयनेचा भूकंप. सोसायटीचा इतिहास मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. दूध ढवळता ढवळता त्यांच्या तोंडून ऐकला.

‘इथंच प्यायचं' हा नियम त्यांचाच.

"फाळणीच्या वेळी एका छावणीत एक बाई होती," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लई मायाळू. आयांनी हात पसरला की कोरडा पावडर पदरात घालायची. त्या आयांनी ते डबक्याच्या पाण्यात कालवला. अकरा मुलं गेली, डिकरी. आठ दिवसांत अकरा. तवापासून मी म्हणते, पाणी आपण उकळायचा, दूध आपण करायचा, आणि आपल्या डोळ्यांसमोर प्यायचा."

मला हा नियम फार आवडला. मला एकूणच नियम आवडत. दुधाच्या पावडरीच्या गुठळ्या राहू नयेत म्हणून किती वेळ घुसळायचं, जर्मनचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, पेले राखेनं कितीदा घासायचे, सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. एकच गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती मला म्हातारपणाची खोड वाटे. वाटप संपलं की पेरीनबाई रोज विचारायच्या, "आज कोण नाय आला?"

मी म्हणायची, "दोनशे बारा आले."

"आला ते नाय विचारत. नाय आला ते सांग."

मग मी नाराजीनं कार्डांची यादी काढून वाचायची. त्या त्यातल्या दोन-चार नावांवर बोट ठेवत आणि जीप काढून कोप्यांकडं जात. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी हिरवी कार्डं होती. हिरवं कार्ड लिहिलं की दूध घरपोच जाई, झाकणाच्या डब्यातून, पेरीनबाईंच्या स्वतःच्या हातानं. हिरव्या कार्डांचा गठ्ठा माझ्याच खणात असायचा. दीड महिन्यात मी त्यातलं एकही लिहिलं नव्हतं.

हौसानं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा आमच्याकडं दूध ढवळणारी कोंडाबाई म्हणाली होती, "आवो बाई, घरी बारकं असंल तिच्या."

"मग आईनं त्याला घेऊन यावं. बाळंतिणींनाही आपण देतो की. रांगेत यावं, कार्ड करावं."

"आय कामावर असंल. हजरी बुडती."

"कोंडाबाई, एकीला नेऊ दिलं की उद्या दोनशे जणी भांडी घेऊन येतील. अन् परवा ते दूध फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विकलं जाईल. चालेल?"

कोंडाबाईनं लाकडी डाव पुन्हा पातेल्यात घातला.

त्यानंतर हौसानं विचारलं नाही. रोज रांगेत यायची, पेला घ्यायची, प्यायची, रिकामा पेला उपडा करून मला दाखवायची आणि धूम ठोकायची. बाकीची मुलं "जातो बाई" म्हणत, हनुवटीला दूध लागलं म्हणून एकमेकांना हसत. ही अक्षर बोलत नसे. मी काही विचारलं तरी नुसती मान हलवायची, ओठ घट्ट मिटून. आठ-दहा दिवस असं चाललं. मला वाटलं, पोरीनं डूख धरलाय. नाही म्हटल्याचा राग आलाय बाईसाहेबांना.

आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा राग यायला लागला. दोनशे मुलं माझ्याकडं देवासारखं बघत होती आणि ही एक फुगून बसली होती.

शिमगा झाला त्या आठवड्यात पेरीनबाईंना दुसऱ्या केंद्रावर जावं लागलं. तिकडं काविळीची साथ आली होती. जीपमध्ये बसता बसता त्यांनी मला सांगितलं, "गुरुवारी दिल्लीचे पाहुणे येणार. मी असेन की नाय, माहीत नाय. तू बघ सगळा." आणि जीप सुरू झाल्यावर मान बाहेर काढून, "कोण नाय आला ते विचारत जा!"

केंद्र पहिल्यांदाच एकटीच्या हातात आलं होतं. मी ठरवलं, पाहुण्यांनी बघत राहिलं पाहिजे. पडवी शेणानं सारवून घेतली, मुलांची नखं कापली, रांगेसाठी चुन्याची रेघ मारली. आणि एक नवा नियम केला, अगदी माझा स्वतःचा. दूध पिऊन झालं की प्रत्येकानं माझ्यासमोर उभं राहायचं, हात जोडायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘नमस्ते बाई.' मगच कार्डाला भोक.

मुलांना खेळच मिळाला. सोमवारी सकाळी पडवीत नमस्त्यांचा नुसता गजर चालला होता. बासष्टापर्यंत.

हौसानं पेला उपडा करून दाखवला आणि वळली. मी तिचं मनगट धरलं.

"नमस्ते म्हण."

तिनं मान हलवली.

"तोंडाला कुलूप लागलंय का? सगळे म्हणतात, तुला काय झालं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे पाण्यानं भरले होते. मी मनगट सोडलं नाही. मागची मुलं हसायला लागली, कुणीतरी "मुकी, मुकी" म्हणालं. किती वेळ गेला कोण जाणे. माझाही हट्ट होता आणि तिचाही. शेवटी तिचा गळा हलला. ओठ उघडले.

"नमस्ते बाई."

"हां! एवढ्यासाठी किती रडवलंस. जा आता."

ती त्या दिवशी धावत गेली नाही. चालत गेली.

मंगळवारी तिनं रांग चुकवून पडवीच्या मागच्या अंगानं सटकायचा प्रयत्न केला. मीच तिला आणलं. पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी, गळा हलला, नमस्ते बाई.

बुधवारी ती माझ्यासमोर आली आणि पेला घ्यायच्या आधीच तिनं हात जोडले.

"नमस्ते बाई. नमस्ते बाई."

"हे काय?"

"आधीच म्हनून ठिवते. दोनदा म्हनलं. मग जाऊ ना?"

मला हसू आलं. पोर हुशार होती. मी तिच्या गालाला चिमटा काढला आणि म्हटलं, "आधी नाही चालत, हौसे. नंतर. नियम म्हणजे नियम."

ती हसली नाही. तिनं पेला तोंडाला लावला आणि खाली बघत सगळं दूध सावकाश प्यायली. मग हात जोडून जे म्हणायचं ते म्हणाली. मला वाटलं, जिंकले.

गुरुवारी पाहुणे आले. दोन साहेब, एक बाई आणि एक फोटोग्राफर. सगळं बघून ते खूश झाले. साहेब म्हणाले, इतकी शिस्त मी फार थोड्या केंद्रांवर पाहिली. फोटोग्राफरला एकटी मुलगी हवी होती. मी हौसाला पुढं केलं, कारण तिचे डोळे मोठे होते. तो फोटो पुढं सोसायटीच्या अहवालात छापून आला. हात जोडलेले, तोंड उघडं, हनुवटीवर दुधाचा एक ओघळ.

शुक्रवारी हौसा आली नाही. शनिवारीही आली नाही. माझ्या ते लक्षात आलं नाही. पाहुण्यांच्या कौतुकानं मी हवेत होते.

शनिवारी दुपारी पेरीनबाई परतल्या. चेहरा काळवंडलेला, बुटांवर धूळ. मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि पाहुणे काय काय म्हणाले ते सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरा झाला. आज कोण नाय आला?"

मी यादी काढली. सोळा, एकोणचाळीस, त्रेसष्ट.

"त्रेसष्ट कोण?"

"हौसा लोखंडे. जरा तिरसट आहे. बोलत नाही."

"कधीपासून नाय येत?"

मी यादीचं मागचं पान उलटलं. "काल आणि आज."

"आणि तू गेली नाय बघायला."

"इथं एवढं काम..."

"चल," त्या म्हणाल्या.

ओढा कोरडा ठणठणीत होता. पलीकडं शेवटची कोपी त्यांची. आत शिरायला गुडघ्यांवर बसावं लागलं. गोणपाटावर एक बाई पडली होती. तिच्या अंगात ताप होता हे मला हात न लावता कळलं. उशाशी विझलेली चूल. हौसा तिच्या पायथ्याशी बसून तुरीच्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत होती. आम्हाला बघून ती उठली आणि आईच्या आड झाली.

"कवापासून आजारी?" पेरीनबाईंनी विचारलं.

बाईनं उठून बसायची धडपड केली. "आजारी न्हाई, बाई. उद्या कामाव जानार हाय. नाव कापू नगा."

"आमी नाव कापणारे नाय. आमी दूधवाले."

ते तिला पटायला वेळ लागला. मग हळूहळू बोलली. बाळंत झाल्यापासून ताप होता. दूध आटलं होतं. मुकादमाला कळलं तर हजेरीवरचं नाव जाईल म्हणून जाऊबाई तिच्या नावानं खडी फोडायची, आणि पोरीला ताकीद होती की आय आजारी आहे हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. बाबू लोखंडे कामाच्या शोधात वरच्या अंगाला गेला तो गेलाच होता.

"आणि बाळ?" पेरीनबाईंनी विचारलं.

बाईनं कोपीच्या बाहेर, ओढ्याच्या दरडीकडं बघितलं.

"परवा गेलं. बिस्तरवारी. तिन्हीसांजंच्या आधी."

पेरीनबाईंनी तिचा हात हातात घेतला. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, अगदी साध्या आवाजात, शेजारणीला सांगावं तसं, "हौसी आनायची त्याला दूध. तुमच्या केंद्रातनं. तोंडात धरून आनायची, चिमनीवानी. हितं आली की बोंडल्यात सोडायची, मी त्याला पाजायची. तेवढ्यावर आठ-धा दिस चोखलं त्यानं. लई न्हाई, दोन घोट. पर हात-पाय हलवायला लागलं हुतं."

बाईनं पदरानं तोंड पुसलं.

"मग सोमवारधरनं रिकामी याया लागली. मी मारलं तिला. म्हनलं, सगळं तूच गिळतीस व्हय गं? तर म्हनली, आय, बाई बोलाया लावत्यात."

हौसा आईच्या पाठीमागून माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. भीती होती. आता आपल्याला रागवणार, नियम मोडल्याबद्दल, अशी.

मी बाहेर आले आणि ओढ्यात जाऊन बसले.

पेरीनबाईंनी त्या बाईला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देववलं, दुसऱ्या दिवशी परत आणलं, तहसीलदाराकडं जाऊन तिचं हजेरीवरचं नाव कायम करून घेतलं आणि हिरवं कार्ड लिहिलं. ते त्यांनी स्वतः लिहिलं. मी खणातून नुसतं काढून दिलं.

त्या दिवशी पेले घासताना मी त्यांना म्हटलं, "बाई, मी उद्या पुण्याला जाते. मला हे काम करायचा अधिकार नाही."

त्यांनी राखेनं भरलेला हात थांबवला नाही. "दोन घोटांवर ते वाचला असता की नाय, कोणाला ठाऊक. बहुतेक नाय. पण तू एकदा विचारला असतास, ‘घरी कोण आहे गं?', तर डबा होता. खणात कार्ड होता."

"मला माहीत आहे."

"छावणीतली ती मायाळू बाई," त्या पुढचा पेला उचलत म्हणाल्या. "पदरात पावडर घालणारी. ती कोण, ते तू मला कधी विचारला नाय. तू विचारतच नाय, सरोज."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी घासलेला पेला पाण्यात बुडवला, उजेडाकडं धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"अकरांची नावं पाठ आहेत मला," त्या म्हणाल्या. "मी पण म्हटला होता, उद्या घरी जाते. जाऊन काय करणार? जा, दुसरा पातेला आण."

मी गेले नाही. पुढं अडतीस वर्षं सोसायटीत काढली. पूर, दंगली, भूकंप, सगळीकडं गेले. माझ्या हाताखालच्या मुली हसायच्या की कारखानीसबाईंना कुणी मदत घेतल्यावर नमस्कार केलेला खपत नाही, अंगावर धावून जातात. मी त्यांना कारण सांगितलं नाही. एवढंच शिकवलं की वाटप संपलं की न आलेल्यांची नावं वाचायची. तो फोटो मात्र कार्यालयाच्या भिंतीवर कितीतरी वर्षं होता, आणि तो काढून टाका असं म्हणायची हिंमत मला झाली नाही. निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराची खुर्ची नेमकी त्याच्याखाली मांडली होती.

पण मला सांगायचं आहे ते बाळ गेलं त्यानंतरच्या सोमवारचं.

सोमवारी हौसा रांगेत आली. गळ्यात कार्ड, केस विंचरलेले. मागचं-पुढचं कुणी तिला मुकी म्हणालं नाही. बातमी सगळ्या माळाला कळली होती. एकसष्ट झाला, बासष्ट झाला. ती समोर आली. मी पेला काठोकाठ भरला. कोंडाबाई ढवळायची थांबून माझ्याकडं बघत राहिली.

मी चुन्याच्या रेघेच्या अलीकडं गुडघ्यांवर बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. रात्रभर मी शब्द जुळवले होते. त्यातला एक आठवेना.

"हौसे," मी म्हटलं, "घरी ने हं. पेल्यासकट ने."

तिनं पेल्यात बघितलं. मग माझ्याकडं.

"आयचा डबा थोरल्या बाईंनी दिला की," ती म्हणाली. "ह्ये आता कुनाला नेऊ?"

ती थोडा वेळ थांबली, मी काही सांगते का ते बघत. मग ती तिथंच, रेघेवर पाय जुळवून उभं राहून, सगळं दूध प्यायली. तिनं पेला उपडा करून दाखवला. तो माझ्या हातात दिला.

आणि मी काही म्हणायच्या आत तिनं हात जोडले.

"नमस्ते बाई," ती म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट, मी शिकवलं होतं तसं.